गुडघ्यातला आवाज

फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर सात वर्षांची ईरा आपल्याच गुडघ्याला कान लावून बसली होती. तिच्या गुडघ्यातली गादी जन्मापासून जाड होती. चालताना कटकन वाजायची, दुखायचीही. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ती कोरून बेतशीर केली. आई खुशीत, ईरा मात्र रुसलेली.

"वाजतच नाही आता. वर्गातले सगळे ऐकायला यायचे. आता कोण येणार माझ्याजवळ?"

दुखणं जातं, तेव्हा त्याच्याभोवती जमलेली माणसंही उठून जातात. हे मला पन्नाशीत कळलं. तिला सातव्या वर्षीच.

मी नाटकी कण्हत माझा जुना गुडघा वाकवला. कडकड!

"आई, काकांचा कसला भारी वाजतो!" तिने कान लावला. "अजून एकदा, काका!"

मी इतके प्रयोग केले की तिकीट लावायला हवं होतं.

संध्याकाळी कुलूप काढून घरात आलो, खुर्चीत बसलो आणि दिवा लावायला उठलो. गुडघा कडकन वाजला. मी उगाच थांबलो. 'अजून एकदा' म्हणणारं घरात कुणी नव्हतं. तरी पुन्हा बसलो, आणि पुन्हा उठलो.