राजाची तिसरी चकर

अख्ख्या परभणी जिल्ह्यात हवाई बेटांच्या राणीचं राज्य गेल्याचा दुखवटा पाळणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या शाळेत इतिहास शिकवत होता. मी त्याच शाळेत गणिताचा मास्तर. ताडकळसच्या पुढचं गाव, पत्र्याच्या पाच खोल्या, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. तिथून पॅसिफिक महासागर किती लांब, हे मलाही काढता आलं नसतं. इतिहासाच्या सरांना मात्र तो शाळेमागच्या ओढ्याइतका जवळ होता. परभणीच्या एका रद्दीवाल्याकडं त्यांना हवाईच्या इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, पुठ्ठा गेलेलं, कडेनं वाळवीनं चाखलेलं. मांडीवर डिक्शनरी घेऊन ते त्यांनी दोन वर्षांत वाचून काढलं, आणि त्यानंतर दुसरं काही वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

फ्रेंच राज्यक्रांती शिकवायला ते उभे राहिले की दहाव्या मिनिटाला पॅरिस मागं पडायचं आणि नारळाची झाडं दिसायला लागायची. "आधी कोण आलं?" सर विचारायचे. वर्ग एका सुरात ओरडायचा, "पाद्री!" "मग?" "साखर!" "मग?" "बंदूक!" हे पाढे माझ्या वर्गातल्या पाढ्यांपेक्षा पक्के होते, याचं मला फार वाईट वाटे. अमेरिकेचे पाद्री आले, त्यांनी लोकांना टाचेपर्यंत कपडे घातले, त्यांचा नाच पाप ठरवला. त्या पाद्र्यांची पोरं उसाच्या मळ्यांचे मालक झाली. मग आपल्या मालमत्तेला धोका आहे म्हणून सैनिक उतरवले, राणीला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडलं, आणि शाळेत पोरांना त्यांचीच भाषा बोलायची चोरी झाली. इथं सर थांबायचे. "मी निजामाच्या राज्यात उर्दूत पाढे पाठ केलेत. मला इचारा, कसं वाटतंय ते." आणि मग घसा खाकरून म्हणायचे, "राणी त्या खोलीत बसून काय करायली व्हती ठाऊक हाय? वाकळ शिवायली व्हती. ठिगळाला ठिगळ जोडून!" पोरी पदरानं डोळे पुसायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा एका पोराला विचारलं, इंग्रजांनी भारत कशाच्या जोरावर घेतला? पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, "साखरेच्या!" साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते हेडमास्तरांनी आम्हाला कधी दाखवलं नाही.

पण सरांची आवडती गोष्ट राणीची नव्हे, तिच्या कितीतरी आधीच्या एका राजाची. त्या बेटांवर पूर्वी शिवाशिव फार कडक. बायकांनी पुरुषांच्या पंगतीला बसायचं नाही, केळं खायचं नाही. खाल्लं तर जीव जायचा. पाद्री यायच्या आधीच घरच्या दोन राण्यांनी राजाला गाठलं आणि म्हणाल्या, हे मोडायचं, आमच्या पंगतीला येऊन बस. "राजा लगेच न्हाई बसला," सर सांगायचे. "पंगतीभवती चकरा मारायला लागला. एक, दोन. भित्रा नव्हता तो. पिढ्यान्‌पिढ्याचं पाय धरतंय. तिसऱ्या चकरेला बसला, आन् जेवला. आभाळ काय कोसळलं न्हाई." हेडमास्तर यावर एकदा मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "बघा, पंगत मोडली आन् पुढं राज्य बुडालं." सर अगदी अदबीनं बोलले, "साहेब, राज्य पंगतीनं न्हाई गेलं. साखरेनं गेलं."

ही गोष्ट त्यांना का आवडायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्ही कुणीच ते ठाऊक असल्याचं दाखवत नव्हतो. छप्पन साली सरांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला होता. घर गावाच्या त्या अंगाला. दुपारी आम्ही मास्तर मंडळी डबे उघडून गोल बसायचो, तेव्हा सर आपला डबा घेऊन नकाशांच्या कपाटापाशी जायचे. त्यांना कुणी तिकडं जा असं म्हटलेलं नव्हतं, आणि हा आम्ही आमचा मोठेपणा समजत होतो.

दरसाल दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी सर आम्हाला राजाच्या पंगतीचं जेवण म्हणून घरी बोलवायचे. पहिल्या साली माझी एकादशी निघाली. दुसऱ्या साली आईला ताप आला. तिसऱ्या साली सासुरवाडीचं कुणीतरी गेलं, ते पुढं बरीच वर्षं जगलं. सहाव्या साली मी स्वतःच आजारी पडलो आणि खरोखरच पडलो. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "बरं, म्होरल्या साली." आणि सोमवारी वसमतच्या केळ्यांचा फणा शाळेत घेऊन यायचे. पोरींना म्हणायचे, "खा गं, ह्याच्यासाठी राण्या भांडल्यात." ती केळी आम्ही सगळे खायचो, हेडमास्तरसुद्धा. केळ्याला साल असते, आणि आमचा धर्म सालीपर्यंतच पोचायचा.

मग तो मोठा दुष्काळ आला आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. सरांनी जाहीर केलं, "मेलो तरी मिलो खाणार न्हाई. त्यांचं साखरेपासून सुरू झालं, आपलं मिलोपासून व्हायलंय." चौथ्या दिवशी रांगेत माझ्यामागं पिशवी घेऊन उभे! मी डिवचलं, "काय सर, हवाई विसरलात?" म्हणाले, "कोंडलेल्या राणीलाबी जेवावं लागलंच असंल की."

त्या सालीही आमंत्रण आलं. मी कपाळाला सुंठ लावून पडलो. बायको उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काय दुखायलंय ह्या साली?" आमची पोरगी सरांच्याच वर्गात, त्यामुळं राण्यांची गोष्ट घरात पोचली होती. "डोकं," मी म्हणालो. "मग पडा. मी जायलेय." आणि पोरीला सासूपाशी ठेवून, देवळात जाते असं सांगून गेलीसुद्धा. अर्ध्या तासानं मी सायकल काढली. सरांच्या घरापुढं लिंबाचं मोठं झाड होतं. त्याला वळसा घातला, परत आलो. पुन्हा वळसा घातला. सर दारात बाजेवर बसून बघत होते. शांतपणे म्हणाले, "दोन झाल्या, सर." मी खाली उतरलो.

आत माझी बायको सरांच्या बायकोशेजारी बसून केव्हाच जेवायला लागली होती. मिलोची भाकरी, वरण, ठेचा. केळं त्या साली एकच मिळालेलं, त्याचे चार तुकडे. भाकरी घशाखाली उतरत नव्हती, पण ती तर घरचीही उतरत नव्हती. आभाळ काही कोसळलं नाही. मला मात्र वाटत होतं, आता सर आपली पाठ थोपटतील, इतिहासात नोंद करतील. निघताना सरांची बायको साधेपणानं म्हणाली, "आता आमाला कवा बोलवताव?" सर हसून म्हणाले, "आगं, त्यांच्या चकरा अजून ऱ्हायल्यात."

घरी आईचं सोवळं कडक होतं. आई गावाला गेली की बोलवू, असं मी ठरवलं. आई कुठं जाते! बायको दर रविवारी विचारायची, आणि मी दर रविवारी पुढचा रविवार सांगायचो. जूनमध्ये सरांची बदली झाली, पार येलदरीला. बसपर्यंत मी त्यांची ट्रंक उचलली. ते हवाईचं पुस्तक फडक्यात बांधून काखेत होतं. महिन्याभरानं कार्ड आलं: धरणाचं पाणी लय हाय, मासे स्वस्त हायत, पोरांना पाद्री-साखर-बंदूक पाठ झालंय. खाली एकच ओळ होती, 'सर, कितवी चकर चालू हाय?' मी उत्तर लिहायला बसलो. 'दुसरी' एवढं लिहिलं, आणि लाज वाटली म्हणून तसंच ठेवलं. तुमच्याकडं जेवून आलेल्या माणसाला एक जेवण घालता येऊ नये! चुकलं, सर. फार चुकलं माझं.

सरांचं ते कार्ड आणि माझं अर्धं उत्तर अजून माझ्या लॉगटेबलच्या पुस्तकात आहे. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात सोवळं पाळणारं कुणी नाही, बायको हौसेनं स्वयंपाक करील, निमित्त एकही उरलेलं नाही. सर आईच्याही आधी गेले.