तुडीलच्या काठावरची हाक

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, भाद्रपदातल्या एका शनिवारी तिन्हीसांजेला, सावित्री नदीपलीकडच्या तुडील गावाच्या काठावरून तिथल्या एका तरुण शिक्षकाने होडीसाठी हाक मारली. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. सकाळी चिखलात त्याची छत्री आणि वहाणा सापडल्या. सावित्री दुथडी भरून वाहत होती.

मी त्या काळी महाडला थोरल्या बहिणीकडे राहून मुंबईच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. मेव्हणे तिथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. शिक्षक त्याच मंडळीतला. शनिवारी नदी ओलांडून तो महाडला आईकडे येई आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवी. आई विधवा, मूळची कापडे गावाकडची, दवाखान्यात दाई होती. मी बातमीत ‘बेपत्ता’ असे लिहिले. प्रेत मिळेपर्यंत तोच शब्द वापरायचा, असा आमच्याकडे नियम होता.

मंडळीचाही एक नियम होता. रविवारच्या लांब प्रार्थनेत पाळक आजाऱ्यांची आणि प्रवासाला गेलेल्यांची नावे घेत. प्रत्येक नावानंतर लोक ‘प्रभू, ऐक’ म्हणत. मेलेल्यांसाठी मात्र प्रार्थना नव्हती. मेलेला देवाच्या हाती गेला, आता मागायचे काही उरले नाही, अशी शिकवण. आईने मुलाचे नाव प्रवाशांत घ्यायला लावले. मेव्हण्यांनी ते घेतले. दिवाळी गेली, नाताळ गेला, तरी नाव चालू होते. पेटी बंद होती. त्या नावानंतरचे ‘प्रभू, ऐक’ इतर नावांपेक्षा उशिरा आणि हळू येऊ लागले.

शेवटी मंडळीचे ज्येष्ठ पंच, एक निवृत्त अव्वल कारकून, घरी आले. बुडालेल्या माणसाला प्रवासी म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. अंत्यविधीची उपासना घ्यावी, नाव थांबवावे. लोक घाबरू लागलेत, हेही त्यांनी सांगितले. एक बाई तर नाव आले की दाराकडे पाहते. मेव्हण्यांनी सावकाश चहा संपवला आणि होडीवाल्याला विचारून ठरवतो म्हणाले.

मेव्हणे आणि मी नदीवर गेलो. होडीवाला जाळे दुरुस्त करत होता. आधी पोलिसांना सांगितले तेच त्याने सांगितले, की आपण काही पाहिले नाही. मेव्हणे त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. काय पाहिले ते राहू दे, ऐकले काय ते सांग, म्हणाले. त्याने सुई ओवली.

“हाक आली,” तो म्हणाला. “एकच. तिन्हीसांजेच्या एका हाकेला होडी सोडायची नाय, बापानं सांगितलेलं. माणूस आसंल तर दुसरी मारतो. मी दुसरीची वाट बघत बसलो, पाद्रीबाबा. ती आली नाय.”

आवाज ओळखला होतास का, हे मेव्हण्यांनी विचारले. त्याने मान हलवली. ओळखला होता.

संध्याकाळी मेव्हण्यांनी हे शिक्षकाच्या आईला जसेच्या तसे सांगितले. बहिणीला ते पटले नाही. अर्धे सांगितले असते तरी चालले असते, असे ती नंतर म्हणाली. आई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

“म्हंजे दुसरी हाक मारायची ऱ्हायलीय त्याची,” ती म्हणाली. “ती मारीपर्यंत तुम्ही नाव सोडू नका. ऐकायला कुणीतरी जागं पायजे.”

“मावशी, तो गेला असेल,” मेव्हणे म्हणाले.

“आसंल. तुम्ही पुरलंत का त्याला?”

मेव्हण्यांनी नाव सोडले नाही. पंचांना त्यांनी इतकेच कळवले, की ज्याला मी पुरले तो मेला, एवढे मला कळते; याला मी पुरलेले नाही. पंच काही रविवार आले नाहीत, मग येऊ लागले. मेव्हण्यांच्या सवयी मात्र बदलल्या. दारात कोणी एकदा हाक मारली की ते घास टाकून उठत. बहुतेक वेळा भाजीवाली असे, नाहीतर पोस्टमन. कधी कोणीच नसे. मग ते पायरीवर उभे राहून गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहत. बहीण ताटावर झाकण ठेवी. हा तुमच्या धर्मातला विधी आहे का, असे शेजारच्या मास्तरीणबाईंनी तिला विचारलेही. ती नाही म्हणाली.

दोन-तीन वर्षांनी शिक्षकाची आई तापाने वारली. दफनाला पावसाची रिपरिप होती. होडीवाला आला आणि कुंपणाबाहेर उभा राहिला. मेव्हण्यांनी बोलावले तरी आत आला नाही. घरी परतताना पंच मेव्हण्यांना म्हणाले, आता मागणारे कोणी उरले नाही.

पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर होतो. आजाऱ्यांची नावे झाली, प्रवाशांची सुरू झाली. शेवटी शिक्षकाचे नाव घेतले गेले. ‘प्रभू, ऐक’ म्हणणाऱ्यांत पंचांचा आवाज होता.