बंदुकीची बैठक

कुठेही बसायच्या आधी काका उजव्या हाताचा अंगठा पुढे करायचे आणि बैठक दाबून बघायचे. खुर्ची, सोफा, बसचं सीट, हॉटेलातलं बाकडं, काहीही. अंगठा आत रुतला की डोळे मिटायचे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे जरा थांबायचे आणि निकाल द्यायचे. "फोम मेलो हा." किंवा "स्प्रिंगा अजून जित्या आसत." मगच टेकायचे. लोखंडी बाकडंसुद्धा दाबून बघत. एकदा माझ्या पोटात अंगठा खुपसून म्हणाले होते, "झिला, फोम बरो हा, पण कव्हर सैल पडला."

ओमानमध्ये, निझव्यात, मी टाइल्सच्या शोरूममध्ये सेल्समन होतो आणि शेजारच्या गाळ्यात काकांचं कुशनचं दुकान होतं. दुकान म्हणजे मालक ओमानी, तिथल्या भाषेत अर्बाब, आणि कारागीर मालवणकडचे काका. गाड्यांची सीटं आणि ओमानी घरातल्या बैठकीच्या खोलीच्या, म्हणजे मजलिसच्या, गाद्या हे त्यांचं काम. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर काकांचा इलाज एकच: "आधी बैठक बघूया." कोणाची गाडी पेट्रोल जास्त खाते? आधी बैठक बघूया. कोणाचं बायकोशी पटत नाही? आधी बैठक बघूया. आणि त्यांच्या हाताला गुण होता हे मान्य करायला हवं. एका टॅक्सीवाल्याला त्यांनी असं सीट करून दिलं की अल हैलहून बसलेला माणूस बरक्याला उतरायचा तो उतरेना. शेवटी त्याला सोहारला हलवून उठवलं, तर म्हणाला, परतीचं भाडं घ्या, पण तोवर बसू द्या. तुम्ही म्हणाल थाप आहे. मग त्या टॅक्सीत बसून दाखवा आणि वेळेवर उतरून दाखवा.

आता मुद्द्याची गोष्ट. काकांच्या घराण्यात गणपती एकच आणि भाऊ चार. दर वर्षी एकेकाच्या घरी पाळीने तो बसायचा. मागच्या पाळीला काकांना रजा मिळाली नव्हती. थोरल्या भावाने त्यांच्या जागी पूजा उरकली आणि फोनवर सांगितलं, "तुझ्याशिवाय काय अडला नाय हो." बोलणाऱ्याने धीर म्हणून सांगितलं असेल, पण ते काकांच्या काळजात शिलाई मशीनच्या सुईसारखं मोडून बसलं होतं. मी सांगतोय त्या वर्षी पुन्हा त्यांची पाळी आली.

"ह्या खेपेक जर गेलंय नाय ना," काका मला म्हणाले, "तर पुढच्या पाळयेक माका कोण बोलवचो पण नाय. सवय जाता रे माणसाक. दुसऱ्याच्या नसण्याची."

अर्बाबकडे रजा मागितली की तो प्रेमाने म्हणायचा, "इन्शाल्ला." आखातात राहिलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. त्यात उद्या येतो, पुढचं वर्ष येतं आणि कधीच नाही हेही येतं. त्या वर्षी बकरी ईद आधी आणि गणपती नंतर. मधल्या दिवसांत लग्नाचा मोसम, म्हणजे घरोघरी मजलिसच्या नव्या गाद्या. त्यात काकांना सोडणार कोण?

अशात अर्बाबने बंदूक घेतली.

अर्बाब तिशीतला, गोरापान, मऊ हातांचा माणूस. ईदला त्यांच्या गावी एक रिवाज होता. सकाळी नमाज झाला की पुरुषमंडळी माळावर जमायची, समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी तव्याएवढा पांढरा पत्रा लावायची आणि जुन्या बोल्टच्या बंदुकांनी आडवे पडून नेम धरायची. अर्बाबच्या घरातल्या सगळ्यांनी तो पत्रा कधी ना कधी वाजवलेला. हा एकटाच राहिला होता. तेव्हा त्याने रीतसर परवाना काढून एक जुनी बंदूक घेतली. पहिलीच. त्याच्या पांढऱ्या दाढीच्या चुलत्याने ती बघितली आणि आम्हालाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाला, "बंदूक अच्छा है. आदमी किधर है?"

पहिल्याच दिवशी बंदुकीने अर्बाबच्या खांद्याला अशी लाथ मारली की खांदा वांग्याच्या रंगाचा झाला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात खांदा चोळत बसला होता आणि मोबाईलवर महागड्या दुर्बिणी, परदेशी लाकडी दस्ते, असलं काय काय बघत होता. दुर्बीण स्पर्धेत चालत नाही, असं चुलत्याने आधीच बजावलं होतं.

काकांनी मशीन थांबवलं. "अर्बाब, इतना पैसा कायको? बंदूक का तकलीफ नहीं. बैठक का तकलीफ है. मैं करके देता."

"तुम? बंदूक?"

"लँड क्रूझर का सीट किया, तुम्हारा फुफी का मजलिस किया. बंदूक क्या बडा चीज है? माफी मुश्किल, कुछ प्रॉब्लेम नहीं. लेकिन पत्रा बजा तो मेरा छुट्टी."

अर्बाब हसला. मग खांदा चोळून गंभीर झाला. "बजा तो छुट्टी. नहीं बजा तो शादी का सीझन पूरा. खलास?"

"खलास."

परक्या माणसाच्या हाती बंदूक द्यायची नाही, हा कायदा अर्बाब काटेकोर पाळायचा. बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय बार होत नाही तो खिट्टा, काढून स्वतःच्या दिशदाशाच्या, त्या पायघोळ पांढऱ्या झग्याच्या, खिशात घालायचा, बंदूक स्वतः मांडीवर आडवी धरायचा, आणि काका समोर बसून टेपने तिची मापं घ्यायचे. लग्नाच्या मुलीचं माप घेताना आई कशी डोळ्यात तेल घालून बसते, तसा अर्बाब बसलेला.

पहिली सुधारणा खांद्याची. लाथ लागू नये म्हणून काकांनी दस्त्याच्या मागे एका जुन्या सीटच्या डोक्याकडचा अख्खा फोम चढवला. बंदूक अशी मऊ झाली की अर्बाबने ती खांद्याला लावली आणि त्याला जांभई आली. पण आता बंदूक एवढी लांब झाली की त्याचं बोट घोड्यापर्यंत पोहोचेना.

"अर्बाब, तुम्हारा हात छोटा है," काका म्हणाले.

"हात छोटा नहीं. फोम बडा है."

"फोम बराबर है," काका म्हणाले. तरी शेवटी तो कापून त्यांनी तिथे स्लीपरच्या रबराचा तुकडा बसवला. तो बेतात बसला, पण काका दिवसभर सुतकात असल्यासारखे होते.

दुसरी सुधारणा गालाची. दस्त्यावर गाल टेकतो तिथे त्यांनी एक छोटी उशी शिवली. अर्बाबने गाल टेकला. "क्या दिखता है?" काकांनी विचारलं. "आसमान," अर्बाब म्हणाला. उशी एवढी उंच होती की डोळा नेमाच्या वरून जात होता. त्या स्थितीत गोळी सुटली असती तर मस्कतच्या विमानांनी वाट बदलली असती.

तिसरी सुधारणा पट्ट्याची. बाजारातला चामड्याचा पट्टा कशाला, म्हणून काकांनी भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट जोडला, त्याच्या खटकन लागणाऱ्या बकलासकट. अर्बाबने बंदूक पाठीला लावली, बकल अडकवलं आणि ते निघेना. चहा प्यायला, फोनवर बोलला, गिऱ्हाईक केलं, सगळं बंदुकीसकट. ती त्याला एवढी घट्ट बसली होती की टक्कर झाली असती तरी दोघांपैकी कोणालाही इजा झाली नसती.

आणि मग, कोणी न सांगता, हौसेने, काकांनी किरमिजी मखमलीचं कव्हर, सोनेरी पायपिंग आणि नळीच्या टोकाला दोन गोंडे लावले. गोंडे वाऱ्यावर हलून नेमाच्या आड येत.

"काका, गोंडे कशाला?" मी विचारलं.

"उघडी बागडी बरी दिसता काय रे?" काका म्हणाले. "चार माणसांत न्हेवची हा."

ईदच्या आदल्या आठवड्यात आम्ही वाडीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, सरावाला गेलो. गोंडे तोवर अर्बाबनेच कापले होते. त्याने गोळ्या झाडल्या. समोर पाण्याची रिकामी बाटली होती, ती शेवटपर्यंत रिकामी आणि अखंड राहिली. चौथ्या-पाचव्या बाराला माझ्या लक्षात आलं ते काकांना आधीच दिसलं होतं. घोडा दाबायच्या आधी अर्बाब दोन्ही डोळे गच्च मिटत होता. बार व्हायच्या आधीच अंग चोरत होता, सुई टोचून घ्यायला आलेल्या पोरासारखा.

परतताना काका गाडीचं सीट न दाबताच बसले. शेवटी स्वतःशीच म्हणाले, "सगळी बैठक बंदुकीची बघितलंय. माणसाची बघूकच नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मखमल उतरवली, पायपिंग उसवलं. बंदुकीवर राहिलं फक्त स्लीपरचं रबर आणि कागदाएवढी पातळ झालेली गालाची पट्टी. मग जाड कापडाची एक लांबट पिशवी शिवून तिच्यात खजुराच्या वाळलेल्या बिया ठासून भरल्या. निझव्यात बियांना काय तोटा? बंदूक तिच्यावर टेकली की जिथे ठेवली तिथे राहायची, आंबोळीवर चटणी राहते तशी. अर्बाबच्या कोपरांखाली दुसरी गादी, छातीखाली तिसरी. आडवं करून काकांनी त्याला सगळीकडून अंगठ्याने दाबून बघितलं.

"बंदूक आता मेल्यासारखी थीर पडली हा," ते मला हळूच म्हणाले, "पण हेचो फोम अजून थरथरता."

ईदची सकाळ. माळावर अख्खं गाव. आम्ही परदेशी एका बाजूला: मी, काका, मल्याळी इलेक्ट्रिशियन, बांगलादेशी न्हावी. अर्बाबच्या तीन-तीन गाद्या बघून चुलता म्हणाला, "ये बंदूक है या मजलिस? कहवा भी लाऊँ?" माळ हसला. अर्बाबचे कान लाल झाले.

प्रत्येकाला तीन गोळ्या. अर्बाबची पहिली गोळी डोंगराच्या माथ्यावर धूळ उडवून गेली. दुसरीची धूळसुद्धा कोणाला दिसली नाही, ती बहुधा अजून जाते आहे. चुलत्याने खिशातून तसबी, म्हणजे जपमाळ, काढली. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता, आणि त्या चेहऱ्यात मला दूरवर एक मखर आणि त्याच्यापुढे थोरला भाऊ दिसत होता.

मग काकांनी चपला काढल्या. दोन पावलं पुढे गेले, हात जोडले आणि मालवणी गाऱ्हाणं घातलं. देवापुढे घालतात तसं, खड्या आवाजात.

"बा देवा म्हाराजाऽऽ"

त्याला उत्तर द्यायचं असतं. मी सातारचा, पण काकांबरोबर राहून शिकलो होतो. "होय म्हाराजा," मी ओरडलो.

"आज जो काय ह्यो अर्बाब बंदूक घेवन आडवो पडलो हाऽऽ"

"होय म्हाराजा." आता इलेक्ट्रिशियन आणि न्हावीसुद्धा.

"तेच्या खांद्याक लाथ लागा नये, तेच्या डोळ्यांनी मिटा नयेऽऽ"

"होय म्हाराजा." ही आरोळी मागून आली. गावातली पोरंटोरं, मग मोठे. कोणाला काही कळत नव्हतं, पण उत्तर कुठे द्यायचं एवढं बरोबर कळत होतं. म्हाताऱ्यांनी दुआ समजून तळवे वर केले आणि "आमीन" म्हणाले. पाठोपाठ चुलता, दाढी हलवत, "होय म्हाराजा."

"आणि जी काय गोळी सुटात, ती खंय वाकडी-तिकडी न जाता थंय पत्र्यावर जावंदे, आणि माझी रजा पास होवंदे म्हाराजाऽऽ"

"होय म्हाराजाऽऽ"

असा आवाज त्या डोंगराने कधी ऐकला नसेल. अर्बाब गादीवर पडल्या पडल्या हसायला लागला. चुलत्याचं "होय म्हाराजा" ऐकून त्याला हसू आवरेना. खांदे सैल पडले, मान सैल पडली, आणि हसता हसताच, डोळे मिटायचं विसरून, त्याने घोडा दाबला.

टण्ण.

पत्रा एवढा वाजला की, खोटं नाही सांगत, पार समुद्रकाठच्या बरक्याच्या मासळी बाजारातले लोक वर बघायला लागले. चुलत्याने अर्बाबला उठवून कपाळाचं चुंबन घेतलं. अर्बाब तिथून थेट काकांकडे आला. "उस्ताद, छुट्टी," म्हणाला. इन्शाल्ला म्हणाला नाही.

काका गेले. गणपतीचा फोटो आला. मखराला किरमिजी मखमल, सोनेरी पायपिंग आणि दोन्ही बाजूंना गोंडे. बंदुकीचे. मूर्तीशेजारी काका, आणि कडेला थोरला भाऊ पाटावर बसलेला. त्या पाटावर गादी होती.

रजा संपली, काका आले नाहीत. अर्बाबने माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर टाकला. "उस्ताद, कब आता है?"

पलीकडून काकांचा आवाज आला, अगदी प्रेमळ. "इन्शाल्ला, अर्बाब."

अर्बाबने फोन खाली ठेवला आणि बराच वेळ हसत राहिला. त्या शब्दाचा अर्थ त्याला कोणी समजावून द्यायला नको होता. मग उठून त्याने काकांच्या मशीनवर चादर घातली.

पुढच्या ईदला तो माळावर तीच बंदूक आणि तीच पिशवी घेऊन आला. आडवा पडायच्या आधी थांबला. उजव्या हाताचा अंगठा पिशवीत रुतवला, डोळे मिटले, जरा वाट बघितली. मग माझ्याकडे वळला.

"तुम देखो. फोम जिंदा है?"

मी वाकून अंगठा लावला. डोळेही मिटले. मला नुसत्या बिया लागल्या.