इंजिनाचा निळा जाळ

माझ्या वडिलांची, आबांची, सगळी नोकरी दौंडला वाफेच्या इंजिनात कोळसा मारण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी केडगावच्या घरामागं गुडघ्याएवढं इंजिन बनवलं, खऱ्या वाफेवर पळणारं. धुण्यावर काजळी नको, असा आईनं धोशा लावला, म्हणून कोळशाऐवजी प्रोपेनचा बर्नर मी करून आणला. सणसवाडीच्या कारखान्यात मी भट्ट्यांचे बर्नरच जोडते. घरात निदान याबाबतीत तरी माझं ऐकायला हवं होतं. पण आबांपुढं कोणाचं चालतं?

खंडेनवमीला आई पूजेची तयारी करत होती. आबांना तेवढाही दम निघेना. मी पंपानं धुराड्यात हवेची ओढ तयार केली, काडी लावली, मग गॅस सोडला. बर्नर घुमू लागला. गॅसचा निळा जाळ भर उन्हात दिसत नाही, आणि आबांना जाळ डोळ्यांनी जोखायची सवय.

"मंद हाय," म्हणत त्यांनी गॅसचा कॉक पुरा फिरवला. जाळ पडला की कोळसा मारायचा, एवढंच त्या हातांना ठाऊक.

घुमणं थांबलं. नुसती बारीक शीऽऽ उरली. गॅसच्या जोरानं जाळ विझला होता, आणि गॅस जमिनीलगत साचत होता. वासानं माझं डोकं भणभणलं. आबा मात्र इंजिनात डोकावत, शांतपणे काडेपेटी उघडत होते.

तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन आई पायरीवर आली. निरांजन पेटलेलं.

"आई, पुढं येऊ नको," मी ओरडले. आबांच्या हातातली काडेपेटी हिसकावली, सिलिंडर बंद केला. राग आवरत नव्हता.

"एवढा वास सुटलाय, आबा. तुम्हाला कळत न्हाई?"

आबा रिकाम्या हाताकडं बघत राहिले. "मला वास येतच न्हाई," ते म्हणाले. "लई दिस झालं."

"म्हंजी करपलेलं दूध गुमान पिता, ते ह्यापायी व्हय?" आईनं विचारलं.

खरी धडकी मला तेव्हा भरली. दसरा झाला की मी कामावर जाणार, आणि हा माणूस सिलिंडरपाशी एकटा. बर्नर काढून न्यायचा म्हणून मी पाना उचलला. आबांनी अडवलं नाही. नुसती मान फिरवली. ते मला सोसवेना.

आई निरांजन घरात ठेवून परत आली. माझ्या हातातला पाना तिनं काढून घेतला आणि इंजिनाशेजारी स्टूल ओढून बसली.

"गॅस उडून जाऊ द्या आधी," ती आबांना म्हणाली. "मग पेटवा. हितनं पुढं वासाला मी हाय."