बांधातली भोकं

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकी बोलताना पिठाच्या डब्यावर थाप मारतात. यंदा लेकीने त्यांना कोरियातल्या ज्वालामुखीच्या बेटावर फिरायला नेलं होतं.

"तिथं बी आपल्यावानी काळा दगड हाय," त्या दळणाला आलेल्या आम्हा बायांना सांगत होत्या. "शेताच्या दगडी बांधाला भोकं दिसली, म्या दगडाच्या चिपा बसवून बुजवली. तिथली म्हातारी आली, चिपा काढल्या, माझा हात भोकापाशी धरला. वारं जायला वाट न्हाई ठेवली तर बांध ढासळतोय!"

बाया हसल्या, काकीही हसल्या. माझं असं चुकलं तर मी लाजेने आठ दिवस दारात उभी राहत नाही.

"वारं गार होतं का?" मी हळूच विचारलं. ते गिरणीच्या आवाजात बुडालं.

काकींनी चालती गिरणी बंद केली.

"आता विचार गं."