अकराची कॉफी, अकराचा कोको

मोठ्या बाईंच्या टेबलावर खोडरबर नव्हतं. पांढऱ्या शाईची बाटलीही नव्हती. जळगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका आणि मी क्लार्क. कामावर लागले त्या पहिल्याच आठवड्यात हजेरीपटातला एक आकडा मी खोडून दुरुस्त केला. बाईंनी चष्मा खाली सरकवला.

"हे काय आहे, मंगल?"

"चुकलं होतं, बाई."

"मग चुकलेलं दिसू दे. शेजारी बरोबर लिही, सही कर, तारीख टाक. खोडायचं नाही. जे घडलं ते लिहायचं आणि जे लिहिलं ते राहू द्यायचं."

माझं आजचं सगळं याद्यांचं वेड, किराण्याच्या यादीपासून लग्नातल्या आहेरांच्या यादीपर्यंत, त्या एका वाक्यातून आलेलं आहे.

दुसरं एक वाक्य त्या वरचेवर म्हणायच्या. "मस्टर वेगळं, माणूस वेगळं." माझी आई सिव्हिलला होती तेव्हा मी वीस मिनिटं उशिरा पोचले. बाईंनी कारण ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझ्या नावापुढे लाल शाईने लेटमार्क केला. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी त्या डबा घेऊन दवाखान्यात हजर. कळण्याची भाकरी, ठेचा आणि आईसाठी मऊ खिचडी. लेटमार्कचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

आमच्या खानदेशात पाहुण्याला चहा नाही विचारला तर तो तीन पिढ्या लक्षात ठेवतो. अशा मुलखात बाई कॉफी पीत. असोद्याच्या शेतकरी घरातल्या असल्या तरी त्यांचं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं होतं. शेजारच्या तमिळ मामींकडून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या, पाढे म्हणण्याची एक चाल आणि स्टीलचा कॉफी फिल्टर. शाळेत बरोबर अकरा वाजता त्यांच्या खोलीचं दार लोटलं जायचं. तपासणीचे साहेब आले तर त्यांना चहा मिळे. कॉफी मिळे ती ज्याच्याशी बाईंना मनातलं बोलायचं असेल त्याला. मला पहिला कप मिळायला चार वर्षं लागली. त्या दिवशी त्या शाळेबद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीबद्दल बोलल्या.

निवृत्तीनंतर बाई पिंप्राळ्यातल्या आपल्या घरात एकट्या राहात होत्या. दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या, फाटकाशी कढीपत्ता. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे कॉफी चालू राहिली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचं हृदय मध्येच एखादा ठोका चुकवायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कॉफी बंद केली. एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा सुधीर धुळ्याहून आला. वाईट माणूस नाही. आईला एकटीला ठेवून त्याला रात्री झोप लागत नव्हती, एवढंच.

"तीन आठवडे बघू," तो म्हणाला. "कॉफी बंद, गोळ्या वेळेवर. काही त्रास झाला नाही तर राहा इथे, मी परत विषय काढणार नाही. झाला, तर धुळ्याला यायचं. ताई, तुम्ही रोज लिहून ठेवाल? आई मला खरं सांगायची नाही."

"मी खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "मी फक्त सांगत नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिही. तुझ्या लिहिण्यावर माझा भरवसा आहे."

मी वही आखली. बीपी, नाडी, झोप, गोळ्या. शेवटी एक रकाना 'इतर'. तो कोणी मागितला नव्हता. मीच टाकला, बाईंच्याच शिकवणीने.

आता अकरा वाजता काय प्यायचं, हा प्रश्न होता. चहा त्यांनी हातानेच उडवून लावला. चिकोरी झाली ("जळक्या लाकडाचं पाणी"), जवाची कॉफी झाली ("हे बैलाला द्या"), धणे-सुंठीचा काढा झाला ("मी आजारी आहे, बाळंतीण नाही"). शेवटी माझ्या मुलीने पुण्याहून एक पाकीट पाठवलं. भाजून भरड दळलेल्या कोकोच्या बिया. कॉफीसारख्याच गरम पाण्यात भिजवून गाळायच्या, दूध-साखर लागत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दिवसाला एक कप चालेल.

पाकीट फोडलं तसा खोलीभर चॉकलेटचा वास सुटला. बाईंचा चेहरा उजळला. फिल्टरमध्ये भरड घातली, उकळतं पाणी ओतलं आणि वाट पाहात बसलो. थेंबही खाली येईना. कोकोचं तूप सुटून फिल्टरची भोकं बुजली होती. तो फिल्टर सोड्याच्या गरम पाण्यात तीनदा धुवावा लागला. दुसऱ्या दिवसापासून पातेल्यात चार मिनिटं झाकून ठेवायचं आणि फडक्याने गाळायचं, असं ठरलं.

बाईंनी पहिला घोट घेतला. गिळला. कपात पाहिलं.

"वास गोड, चव कडू. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं आहे हे."

"गूळ घालू थोडा?"

"नको. कडू आहे तर कडूच पिऊ. फसवायचं कोणाला?"

त्या रोज पूर्ण कप पीत. त्याआधी कॉफीच्या जुन्या डब्याचं झाकण उघडून एक लांब श्वास घेत आणि झाकण घट्ट लावत. "वास घ्यायला डॉक्टरांनी बंदी केलेली नाही." शेजारच्या नेहेतेबाई, आमच्याच शाळेतल्या, एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, चॉकलेट पिऊन लहान व्हाल हो!" बाई म्हणाल्या, "नको वं माय. लहान झाले तर तुझ्या वर्गात बसावं लागेल."

आवडला मात्र नाही त्यांना कोको, शेवटपर्यंत. घरात राहण्यासाठी त्या तो पीत होत्या. मला ते रोज दिसत होतं. आणि वहीतले आकडे चांगले येत होते. झोप सुधारली, नाडी ठीक. सोळा दिवस 'इतर'मध्ये मी फक्त आडवी रेघ मारली.

सतराव्या दिवशी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळची शाळा सुटल्यावर मी गेले तर कुलूप. सव्वाअकराला बाई रिक्षातून उतरल्या. गॅस एजन्सीत अंगठा द्यायला गेल्या होत्या. मशीन अंगठा घेत नव्हतं, म्हणून दीड तास उन्हात रांगेत. सकाळपासून पोटात काही नाही. फाटक उघडलं, दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच बसल्या. कोपर खरचटलं. मी पाणी दिलं, मीठ-साखर दिली. दहा मिनिटांत ठीक झाल्या, उठून स्वतः पातेलं चढवलं.

मी वही उघडली. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. असोद्याची बोली त्यांच्या तोंडी एरवी थट्टेत यायची. त्या दिवशी त्या थट्टा करत नव्हत्या.

"नको लिहू वं मंगल. मले काही झालं नही."

अकरा वर्षांत त्यांनी मला असं काही सांगितलं नव्हतं. मी गडबडले. आणि गडबडलेला माणूस सवयीकडे धावतो. मी लिहिलं, "स. ११.१५. चक्कर. पायरीवर बसल्या. कोपराला खरचटले."

बाईंनी वाचलं. कोको तसाच गार झाला.

ठरल्याप्रमाणे रविवारी मी पानाचा फोटो सुधीरला पाठवला. लगेच फोन आला. मी सांगितलं, ऊन होतं, रांग होती, उपाशी होत्या.

"तसं लिहिलेलं नाही ना, ताई?" तो म्हणाला.

सोमवारी दुपारी गाडी दारात होती. बाईंनी एक बॅग भरली, फिल्टर घेतला, कॉफीचा डबा ओट्यावरच ठेवला. निघताना सुधीर मला म्हणाला, "तुम्ही खरं लिहिलंत म्हणून कळलं. थँक्यू." बाई गाडीत सरळ समोर पाहात बसल्या होत्या. मी काचेशी गेले. त्यांनी काच खाली केली नाही.

महिनाभर फोन करायची माझी हिंमत झाली नाही. जूनमध्ये कोकोचं एक नवं, छोटं पाकीट आणि ती वही घेऊन पारोळ्यावरून जाणारी एसटी धरली. धुळ्याचं घर चांगलं, सून चांगली. बाईंसाठी खोली, पंखा, कूलर. पिंप्राळ्याचं घर भाड्याने दिल्याचं सुधीरने बोलता बोलता सांगितलं. अकरा वाजता सुनेने सगळ्यांना चहा आणला, गोड, वेलची घातलेला. बाईंनी बशीत ओतून प्यायला. मी त्यांना बशीत ओतून पिताना कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी म्हटलं, "बाई, मी ते लिहायला नको होतं."

"लिहायलाच हवं होतं. खोडलं असतंस किंवा गाळलं असतंस तर मी तुला ओरडले असते." रिकामी बशी बाजूला सरकवली. "माझ्या घरात बसून ओरडले असते."

मग हात पुढे केला. "वही आण."

सतराव्या दिवसाच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "अर्धं का लिहिलंस?"

पेन घेऊन त्यांनी माझ्या अक्षरांशेजारी, त्या बोटभर रकान्यात, बारीक अक्षरात लिहिलं, "ऊन. दीड तास रांग. उपाशी पोट." खाली सही केली. तारीख टाकली, एप्रिलची नाही, जूनमधल्या त्याच दिवशीची.

"आता याचा काय उपयोग, बाई?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

दिवाळीच्या आधी, एका सकाळी झोपेतच त्या गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुनेने फिल्टर माझ्या हाती दिला. तिला तो कशाचा आहे हे माहीत नव्हतं. कोकोचं पाकीट त्याच्याच आत ठेवलेलं होतं, न फोडलेलं.

मी अजून याद्या करते. त्याशिवाय मला जमत नाही. शाळेला जाता-येता बाईंचं घर लागतं. भाडेकरूंनी कढीपत्ता तोडून तिथे गाडी लावायला जागा केली आहे. सुट्टीच्या दिवशी अकरा वाजता मी कोको करते. चार मिनिटं झाकण, मग फडकं, गूळ नाही. आवडत नाही. पूर्ण कप पिते.