दाराजवळची चौथी ओळ

माझं पान तिनं दाराजवळ मांडलं.

तिसरीचा वर्ग. त्या दिवशी केंद्रप्रमुख माझे गणिताचे कोपरे बघायला आले होते. एका कोपऱ्यात आठवडी बाजार होता, तराजू आणि तुरीच्या दाण्यांचा. दुसऱ्यात बसथांबा, पुठ्ठ्याच्या घड्याळासकट. तिसऱ्यात लग्नाची पंगत. पळसाच्या पानांच्या छोट्या पत्रावळी मी घरी बसून टाचल्या होत्या. प्रत्येकीवर एक नाव. वर्गातली एकोणीस मुलं आणि विसावी मी. कार्डावर प्रश्न होता: वीस जण जेवायला बसले. एका ओळीत पाच. ओळी किती?

स्वरा उठली. शाळा समितीच्या अध्यक्षांची नात. हुशार पोरगी. तिनं खिडकीकडून पाच-पाचच्या तीन ओळी लावल्या. मग उरलेल्या पाच पत्रावळी उचलून सरळ दाराकडे नेल्या. आम्ही चपला काढतो तिथं. चार पत्रावळी मांगवाड्यातल्या पोरांच्या. पाचवी माझी.

"चार ओळी," ती म्हणाली.

"ही ओळ तिकडं काहून?"

"तुमची तिथंच असते ना मॅडम."

तिच्या मनात कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं.

सोबत आलेले मुख्याध्यापक हसले. "बारीक लक्ष हाय पोरीचं!" केंद्रप्रमुखांनी वहीत खूण केली. "उत्तर बरोबर आहे मॅडम. चला, पुढचा कोपरा दाखवा."

उत्तर बरोबर.

पोरीनं हे कुठं पाहिलं ते मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या महिन्यात शाळेत गावजेवण झालं. मी पंगतीत बसणार, तोच मुख्याध्यापक जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्या पोरायजवळ बसा ना. तुमचं आयकतात ते."

आपल्या. केवढा गोड शब्द!

मी गेले. दाराजवळ, चपलांशेजारी, त्या चौघांसोबत बसले. वांग्याची भाजी मुकाट गिळली. नोकरी नवी, गाव परकं, कशाला वाईटपणा घ्यायचा? पोरांना माझी सोबत होते, अशी मी मनाची समजूत घातली. खोटं होतं ते. मी भ्याले होते. उमरखेडकडच्या मांगवाड्यात वाढलेली, डी.एड. करून निवड यादीत नाव लावलेली मी. माझ्या आईनं जिथं बसून जन्म काढला, तिथंच जाऊन बसले. आणि अख्ख्या वर्गानं ते पाहिलं. पाढे पाठ करून घेताना माझा घसा बसतो. हा धडा मात्र पोरांना एका जेवणात पाठ झाला.

मी केंद्रप्रमुखांना म्हणाले, "उत्तर बरोबर आहे सर. मांडणी चूक आहे. आणि चूक पोरीची नाही. माझी आहे. मी शिकवली."

मुख्याध्यापकांचं हसू मावळलं. "जाऊ द्या ना मॅडम. पाहुण्यासमोर कायले?"

"पाहुण्यासमोरच."

मी हजेरीपट उघडला. क्रमांकानं पत्रावळी लावायला सांगितल्या. स्वरालाच. तिनं भराभर लावल्या. तिच्या नावाशेजारी करणचं नाव आलं. मांगवाड्यातला करण. आभाळ काही कोसळलं नाही. ओळी तेव्हाही चारच झाल्या.

तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. व्हरांड्यात ते चौघं सवयीनं टोकाला निघाले. मी करणचा हात धरला. "हजेरीप्रमाणं बसायचं. आजपासून रोज."

तो बसेना. "मॅडम, तिचे आबा बोलतीन मले."

"तुला नाही बोलणार. मला बोलतील. तू बस."

तो बसला, अंग चोरून. त्याच्या दुसऱ्या बाजूला मी ताट घेऊन बसले. स्वरानं खिचडी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिचे आबा आले. दारातूनच म्हणाले, "मॅडम, गावात रायचं हाय का नाई?"

"राहायचं आहे. आणि शिकवायचंही आहे."

त्यांच्यामागोमाग मुख्याध्यापकांचा कागद आला. बसण्याची व्यवस्था कोणाच्या परवानगीने बदलली, याचा लेखी खुलासा करावा. रात्रभर विचार करावा असं त्यात काही नव्हतं. मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं: परवानगी घेतली नाही. घेणार नाही. खाली सही केली, पूर्ण नावानं, आडनावासकट.

आता बदलीची भाषा चालू आहे. करा. मुकुटबनला टाका, फुलसावंगीला टाका. जिल्ह्यात जिथं शाळा आहे तिथं दुपारी पोरं जेवायला बसतात. मीही बसणार. त्यांच्या मधोमध.